फुकटाचं तिकीट

दादाने बैठक बोलावली आणि सगळे वेळेवर आले, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळत होतं. भाऊने येताना बिस्किटांचे दोन पुडे आणले. ते त्याने आईच्या जेवणाच्या टेबलावर ठेवले, तेव्हा दादाने पहिला प्रश्न विचारला तो, पैसे कसे दिलेस, हा. भाऊ म्हणाला, सुटे होते खिशात. दादाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. चष्म्याच्या दुकानदाराने मध्येच स्वतःचा चष्मा पुसायला घेतला की त्याला काहीतरी लागलेलं असतं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गेली कित्येक वर्षं दादाच्या निळ्या कार्डातून गेल्याशिवाय या कुटुंबातला पैसा सहसा बाहेर पडत नव्हता. वीज, पाणी, गॅस, फोन, ताईच्या मुलांची कॉलेजची फी, भाऊच्या टेम्पोचे टायर, सगळं दादा कार्डावर भरायचा आणि ज्याचं त्याने नंतर दादाला रोख आणून द्यायचं. बदल्यात विमान कंपनी दादाच्या खात्यात मैल जमा करायची. पुरेसे मैल साठले की तिकीट फुकट, असा तो करार होता. वहिनीची अक्कलदाढ काढली, तेव्हा दादा तिला धीर द्यायला म्हणून दवाखान्यात गेला आणि काउंटरपाशीच थांबला. थोरल्या काकांच्या अंत्यविधीचा खर्चही त्याने पुढे होऊन कार्डावर केला आणि काकूंना सांगितलं, सावकाश द्या. काकूंचे डोळे भरून आले. ताई मात्र पुढे महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. पावती खिशात घालताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते तिने पाहिलं होतं.

एवढं सगळं असलं तरी दादा हावरट नव्हता. हे मैल त्याला स्वतःसाठी नकोच होते. विमानात बसलं की त्याचे कान दुखायचे.

मैल होते बारकीसाठी. म्हणजे खरं तर आईसाठी, पण बारकीमुळे. बारकी ही चौघा भावंडांतली शेवटची. नाव बारकी असलं तरी उंचीने ती घरात सगळ्यांना भारी होती. बाबा आजारी असताना तिला समुद्रापलीकडची नोकरी लागली, बाबांनीच तिला ढकलून पाठवलं, आणि ती तिथे सामान लावते न लावते तोच बाबा गेले. ती लगेच परत निघाली. तिकडच्या विमानतळावरून तिने घरी फोन केला आणि तो नेमका आईने उचलला. आई रडून रडून कोरडी पडली होती. ती म्हणाली, "आता कशाला येतेस? सगळं उरकलं. तिकिटाचे पैसे वाया घालवू नकोस."

आईच्या मनात काय होतं ते आईलाच ठाऊक. बारकीने ते जसंच्या तसं ऐकलं आणि विमानतळावरूनच मागे फिरली. ती आली नाही म्हणून आईने तिच्याशी बोलणं टाकलं आणि वर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की या मुलीच्या दारात मी एक पैसाही खर्च करून जाणार नाही. बारकीने तिकीट पाठवायची तयारी दाखवली, तर आई म्हणाली, तिच्या पैशाने तर मुळीच नाही. दादा म्हणाला, मी काढतो. आई म्हणाली, तुझा पैसा म्हणजे माझाच पैसा. आणि आईने 'ये' म्हटल्याशिवाय बारकीही यायला तयार नव्हती. हट्टाच्या बाबतीत मायलेकींत डावंउजवं करणं कठीण होतं.

तेव्हा दादाने ही पळवाट शोधून काढली. कुणाचाच पैसा पडत नाही असं तिकीट. दिवे काय, आपण तसेही लावणारच. आईने सगळं ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि म्हणाली, "फुकट मिळालं तर बघू." आईच्या बोलीत याला होकार म्हणतात.

आता इतक्या वर्षांनी घाई का, हे मात्र एकट्या दादाला माहीत होतं. दुकानातल्या खुर्चीत बसवून त्यानेच आईचे डोळे तपासले होते आणि मग मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. आईच्या दोन्ही डोळ्यांतली नजर मधोमध विझत चालली होती. कडेचं दिसत राहणार होतं, दार, खिडकी, येणारं-जाणारं माणूस. पण ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच जाणार होतं. आधी बारीक अक्षरं, मग चेहरे. डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन पाहिली आणि मग तेही थांबले. आईला दादाने एवढंच सांगितलं, की नंबर वाढलाय. सगळ्या वस्तीला नंबर सांगणारा माणूस, पण आईपुढे त्याची जीभ रेटली नाही. याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की तो कुणाचं तरी बिल भरायचा.

तर बैठकीचं कारण असं, की विमान कंपनीने कळवलं होतं: पुढच्या महिन्यापासून त्याच तिकिटाला दीडपट मैल लागतील. आणि आजच्या हिशेबानेही दादाचे मैल कमी पडत होते.

"कमी कसे पडतील?" ताई म्हणाली. ताई शाळेत गणित शिकवायची आणि भावांशी बोलताना तिच्या हातात खडू नसला तरी तो असल्यासारखा वाटायचा. "मागच्या वर्षी तू म्हणालास, उन्हाळ्यापर्यंत होतील. खर्च काही कमी झालेला नाही. माझ्याकडचा तर वाढलाय. म्हणजे मैल कुठेतरी गळतायत."

तिने भाऊकडे पाहिलं. दादाने आधीच पाहिलं होतं.

भाऊ फरशा बसवायची कामं घ्यायचा. कुणाच्याही घरी गेला तरी त्याचं लक्ष माणसांआधी जमिनीकडे जायचं, आणि अडचणीत आला की तो पायाच्या अंगठ्याने फरशांमधल्या सांध्यावरून रेघ ओढत बसायचा. आत्ता तो तेच करत होता. ताई वर्गातल्यासारखी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मुलं याने बोलतात, आणि भाऊही बोलला. त्याने स्वतःचं कार्ड घेतलं होतं. सहा-सात महिने झाले. फरशांचा माल, सिमेंट, टेम्पोचं डिझेल, सगळं तो त्यावर घेत होता. त्याच विमान कंपनीचं कार्ड, कारण दादा इतकी वर्षं तिचंच कौतुक सांगत आला होता.

दादाने विचारलं, कशासाठी. भाऊने सांगितलं की बायकोला त्याने लग्नात शब्द दिला होता, विमानात खिडकीशी बसवीन म्हणून. ती आज कामावर होती म्हणून हे बोलता तरी येत होतं. लग्नाला आता वीस वर्षं होतील, आणि इतके दिवस तिने खिडकी पाहिली ती टेम्पोची.

"मग आधी आईचं होऊ द्यायचं की नाही?" ताई म्हणाली. दादाने मान हलवली. दोघं एका बाजूला आणि भाऊ एकटा एका बाजूला, असा खेळ मांडला गेला.

तो वहिनीने मोडला. ती स्वयंपाकघराच्या दारात चहाची किटली घेऊन उभी होती. "भावोजींनी काय वाईट केलं?" ती म्हणाली. "बायकोला दिलेला शब्द लक्षात ठेवला, एवढंच ना? आमच्याकडे तर शब्दच कुणी दिला नाही." मग नवऱ्याकडे वळून, अगदी थंडपणे, "अहो, माझ्या अक्कलदाढेचे मैल कुणाच्या नावावर आहेत?"

दादा म्हणाला, सगळे एकत्रच आहेत. वहिनी म्हणाली, दाढ एकटीची होती. भाऊ हसला आणि लगेच गप्प झाला. ताईला वहिनीचं एरवी फारसं पटत नसे, पण आता तिलाही काकांचा अंत्यविधी आठवला आणि तिने तो सविस्तर काढला. पाहता पाहता तिघं एका बाजूला झाले आणि ज्याने बैठक बोलावली तो दादा एकटा पडला. आई मधल्या खुर्चीवर बसून चहात बिस्किट बुडवत होती. ते तुटून कपात पडलं, तिने चमच्याने काढून खाल्लं. कुणाची बाजू घ्यायची तिला घाई नव्हती.

दादा चिडला. चिडला की तो हळू बोलायचा. तो म्हणाला की भाऊच्या फरशा एक वेळ सोडून देऊ. पण आईच्या घरची बिलं? कितीतरी महिने वीज, पाणी, गॅस, काहीही उघडलं की समोर शून्य. कुणीतरी आधीच भरून मोकळं. भाऊला मैलच हवे होते तर त्याने सांगून घ्यायचे होते, असं आईच्या दिव्यांवर हात मारायची काय गरज होती?

"आईची बिलं?" भाऊ म्हणाला. त्याचा अंगठा थांबला. "मी नाही भरली. मला वाटलं ती तूच भरतोस."

दादाने ताईकडे पाहिलं. ताईने वहिनीकडे. वहिनीने किटली खाली ठेवली.

"मी भरली," आई म्हणाली.

पुढचं तिने तितक्याच शांतपणे सांगितलं. बिल आलं की खाली राहणाऱ्या बाईंकडून ते वाचून घ्यायचं, पिशवी उचलायची, कचेरीत जायचं, खिडकीवर रोख पैसे द्यायचे. खिडकीतली मुलगी फार गोड आहे. आईला रांगेत उभं राहू देत नाही, आतून खुर्ची देते. परवा पाणी पाजलं तिने.

"पण का?" दादाने विचारलं. त्याला खरोखर कळेना. मैल साठावेत म्हणून घरदार राबत होतं आणि ज्या माणसासाठी साठवायचे, तेच माणूस पिशवी घेऊन जात होतं आणि ते वाढू देत नव्हतं. "आई, इतक्या लांब तू एकटी चालत गेलीस? आणि मला म्हणायचीस, किती झाले रे मैल?"

"तू म्हणायचास, अजून थोडे कमी आहेत. ते ऐकलं की बरं वाटायचं."

यावर भाऊ सुटकेच्या आवाजात म्हणाला, मग प्रश्नच मिटला. आईलाच घाई नाही. लागू देत दीडपट, पुढच्या वर्षी पाहू, तोवर त्याचंही एक काम होऊन जाईल. ताईलाही ते पटायला लागलं होतं. दादा उठून उभा राहिला. पुढचं वर्ष नाही, असं त्याला ओरडून सांगायचं होतं, आणि ते आईसमोर सांगता येत नव्हतं. तो नुसताच टेबलाची कड धरून उभा राहिला. आपण हे सगळं आधीच बोललो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

"पुढच्या वर्षी मला ती दिसायची नाही," आई म्हणाली.

आई दादाकडे तोंड करून बोलत होती, पण तिची नजर त्याच्या कानावर होती. हे दादाच्या गेले काही दिवस लक्षात येत होतं. आई माणसांशी बोलताना त्यांच्या कानाकडे, खांद्याकडे बघते. त्याने स्वतःची समजूत घातली होती, म्हातारपण, लक्ष उडतं.

"तुझ्याकडे सरळ पाहिलं की तुझ्या तोंडाच्या जागी डाग येतो," ती म्हणाली. "कानाकडे पाहिलं की तू दिसतोस. अर्धामुर्धा, पण दिसतोस. नंबर वाढलाय म्हणे. चष्म्याच्या दुकानदाराची आई आहे मी. नंबर वाढला तर काच बदलतात, इंजेक्शनं देत नाहीत. तू तर काच बदललीच नाहीस."

दादा खाली बसला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला काकांचा अंत्यविधी परवडला असता. पण मग तिने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीशेजारी ओढली. वहिनीने नवऱ्याच्या कपात चहा ओतला आणि त्यात न विचारता दोन चमचे साखर घातली. एरवी ती त्याला एक चमचादेखील घालू देत नसे.

"तुला कळलंय," दादा शेवटी म्हणाला, "तरी तू जायचं टाळत होतीस?"

आईने चमचा बशीत ठेवला, मग उचलून पुन्हा नीट ठेवला. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला. "मी तिथवर गेले, आणि दार उघडून ती म्हणाली, आता कशाला आलीस? तर मी काय करू रे? परतीचं विमान लगेच थोडंच असतं?"

हे वाक्य कुणाचं होतं ते टेबलाभोवती सगळ्यांना माहीत होतं. आईनेच ते कधीकाळी फोनवर म्हटलं होतं, आणि इतकी वर्षं ते तिच्याकडेच परत येऊन बसलं होतं. दादाला एकदम आईची दया आली. या विचारापायी ती भर उन्हात कचेरीपर्यंत चालत गेली असणार, दर महिन्याला.

बारकी दर रविवारी दादाला फोन करायची, हे उघड गुपित होतं. त्या फोनवर काय बोलणं होतं याबाबत मात्र दादाने कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. आता त्याने मैलांच्या हिशेबासाठी आणलेला लॅपटॉप आपल्याकडे वळवला, खर्चाचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आईला ती दिसणार नव्हती, म्हणून त्याने वाचून दाखवली. ते एक वीजबिल होतं. या घरचं नाही, ताईचं नाही, भाऊचं नाही.

"बारकीचं आहे," तो म्हणाला. "तिच्या घरचं. तिची वीज, तिचं पाणी, सगळं माझ्या कार्डावर आहे. पहिल्या महिन्यापासून. मी कार्ड घेतलं त्या दिवशी तिला सांगितलं, आणि तिने विचारलं, माझी बिलं चालतील का."



"फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच असतो. मैल किती झाले? तब्येत वगैरे नंतर." मग, आपण जरा जास्तच बोललो असं वाटून, दादा पुढे म्हणाला, "आणि परदेशातल्या खर्चाला दुप्पट मिळतात. त्या दृष्टीनेही सोयीचं पडलं."

वहिनी म्हणाली, तुम्ही आता गप्प बसा. ती डोळे पुसत होती आणि हसतही होती.

आई मान थोडी तिरकी करून लॅपटॉपकडे बघायला लागली, डावीकडून, मग उजवीकडून. मग म्हणाली, "अजून किती कमी आहेत?"

दादाने आकडा सांगितला. भाऊने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी पाहिलं आणि फोन दादापुढे सरकवला. कुटुंबातल्या दोघांचे मैल एकत्र करता येतात, हे दादानेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. दोन्ही मिळून जाणं-येणं बसत होतं, वर फार काही उरत नव्हतं.

"बायकोला काय सांगशील?" ताईने विचारलं.

"सांगीन, खिडकी आईला दिली," भाऊ म्हणाला. "बोलेल जराशी. आणि एक हॉटेलचं मोठं काम येतंय. तीन मजले फरशी आहे." त्याने दादाकडे पाहिलं. "ते मात्र माझ्या कार्डावर."

दादाने होकार दिला. असला होकार देताना त्याच्या जिवाला किती यातना झाल्या, ते तीन मजल्यांचे मैल मनात मोजल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

आई एकटी जाणार, म्हणून ताईला काळजी वाटली. वहिनीने सांगितलं की विमान कंपनीचा माणूस खुर्ची घेऊन येतो, दारापासून दारापर्यंत नेतो. आईने विचारलं, त्याचे किती. वहिनी म्हणाली, फुकट. आईने समाधानाने मान हलवली. दादाने तारीख निवडली, आईचं नाव टाईप केलं, ताईने स्पेलिंग दोनदा तपासलं. पडद्यावर तिकिटाच्या किमतीपुढे शून्य उमटलं. भाऊने टाळी वाजवली.

शून्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती दादाला पहिल्यापासून माहीत होती आणि गुपचूप भरून टाकायची असं त्याने ठरवून ठेवलं होतं. पण ताई शेजारीच बसली होती आणि तिला समोर दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय होती. "विमानतळाचा कर आणि इतर शुल्क," तिने वाचलं. मग आकडा वाचला. महिन्याच्या किराण्याएवढा होता.

"म्हणजे फुकट नाही," भाऊ म्हणाला, आणि बोलून चुकला.

दादा घाईघाईने सांगायला लागला की हा तिकिटाचा पैसा नव्हेच, हा सरकारचा, तिकिटाचा याच्याशी संबंध नाही. ताई म्हणाली, मी भरते. वहिनी म्हणाली, मी. इतक्या वर्षांची खटपट आता त्या एका ओळीपाशी येऊन अडली होती, आणि आईच्या तोंडून 'तर मग राहू दे' एवढे शब्द निघाले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. दादाला आईकडे बघवेना.

आई उठली. भिंतीच्या कडेकडेने आत गेली आणि आपली पिशवी घेऊन आली. पाकीट काढून तिने नोटा टेबलावर ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक नोट ती आधी बोटांनी चाचपायची, कोणती आहे ते तिच्या लांबीवरून ओळखायची. एकही नोट चुकली नाही.

"आई, तू म्हणाली होतीस, एक पैसाही..." ताईने सुरुवात केली.

"म्हणाले होते," आई म्हणाली. "मी पुष्कळ काही म्हणत असते. तुम्ही पोरं सगळं लक्षात ठेवता." तिने नोटांचा गठ्ठा एकसारखा करून दादाकडे सरकवला. "घे. हे कार्डावर भरलंस तर याचेही मैल मिळतील ना?"

"मिळतील," दादा म्हणाला. त्याचा चष्मा धुरकटला होता, पण तो पुसायला त्याने काढला नाही.

"मग भर."

दादाने बटण दाबलं. तिकीट झालं. वहिनी भाऊला म्हणाली, बिस्किटं खा. ताईने विचारलं, बारकीला कोण कळवतंय. दादा म्हणाला, आज रविवारच आहे, तिचा फोन आता येईलच.

"आला की मला दे," आई म्हणाली. आणि मग थोडा विचार करून, "नाहीतर तूच सांग. तिला म्हणावं, विमानतळावर माझ्यासमोर उभी राहू नकोस. जरा कडेला उभी राहा. म्हणजे दिसशील मला."